कडुनिंबाशेजारची जागा

सरकारी निवासस्थानांत आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या घरातील मोठ्या वस्तू त्याच्या आवडीने घेतलेल्या नसतात. त्या कुठल्या तरी दाराच्या मापाने घेतलेल्या असतात. कपाट घ्यावयाचे ते जिन्याच्या वळणातून वर जाईल असे, पलंग घ्यावयाचा तो बदलीच्या वेळी सुटा करता येईल असा, आणि देव्हारा घ्यावयाचा तो पुढच्या गावी कोणत्या भिंतीला लागेल याचा अंदाज बांधून. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या वाचकबांधवांना हे सांगावयास नकोच. गेल्या वर्षी मात्र आम्हांला अशी एक वस्तू घेण्याचा प्रसंग आला की जी दारातून आत यावयाची नव्हती, दाराबाहेरच राहावयाची होती. आणि तरीही आजवरच्या सर्व कपाटांनी मिळून करावयास लावली नसतील इतकी मोजमापे तिने आम्हांला करावयास लावली. ती वस्तू म्हणजे अंगाने अरुंद, परंतु आत एक माणूस पाय लांब करून निजू शकेल, अशी मोटारगाडी.

असल्या गाडीची हौस आम्हांला कधीच नव्हती. कारण घडले ते आमच्या वडिलांचे. अप्पा सातारा जिल्ह्यात भूमि-अभिलेख खात्यात भूकरमापक होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात घालविला, आणि सेवानिवृत्तीनंतर कृष्णाकाठच्या आपल्या गावी, आपल्या घरात, ते सुखाने राहत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचाही अर्धीमुर्धी परत आली, पण उजवा पाय गुडघ्यात वाकेनासा झाला तो झालाच. गावी पाहणारे कोणी नाही म्हणून आम्ही त्यांना दिल्लीस आणले. येथील दोन खोल्यांत ते तक्रार न करता राहतात. मात्र रोज संध्याकाळी एकदा तरी गावाची चौकशी होते. घराचे पन्हळ गळते का, परसातला फणस धरला का, आणि खालच्या शेताचा वायव्येकडचा दगड पुराने हालला असे जे कोणी सांगितले ते खरे का. हा शेवटचा प्रश्न ते इतक्या वेळा विचारीत की तो दगड आम्हांला स्वप्नात दिसू लागला. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी प्रवासाला बंदी केली नाही. तास-सव्वा तास बसवा, मग अर्धा तास आडवे करा, पाय सरळ ठेवा, असे सांगितले. पुढच्या वर्षी नेऊ का, असे आम्ही विचारले, त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्यानेच पुढचे सर्व प्रकरण सुरू झाले.

आगगाडीने नेता आले नसते असे नाही. पण ज्याचा पाय वाकत नाही आणि ज्याला उचलून बसवावे लागते अशा माणसाला चालत्या डब्याच्या चिंचोळ्या वाटेतून शौचालयापर्यंत नेणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. आमच्या अप्पांचा स्वभाव असा की, प्रवासात परक्यांसमोर तशी वेळ येऊ नये म्हणून ते आदल्या दिवसापासून पाणी पिणे सोडतील. रस्त्याने जावे तर राष्ट्रीय महामार्ग ४८ दिल्लीहून निघतो तो जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे करीत साताऱ्यावरून पुढे जातो. म्हणजे आमच्या वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर निघालेला रस्ता आमच्या गावाच्या फाट्यापाशी जाऊन भिडतो. मध्ये दीड हजार किलोमीटरांवर अंतर आहे एवढेच. घाई न करता, थांबत थांबत, निजवीत निजवीत न्यावे, अशी कल्पना निघाली.

कचेरीतील एका सहकाऱ्याने आम्हांला 'कॅरव्हॅन' सुचविली. हा शब्द त्याने ज्या सहजतेने उच्चारला त्या सहजतेने ती वस्तू मिळत नाही. मोटारीमागे जोडून न्यावयाचे हे चाकांवरचे घर ही युरोपातील मध्यमवर्गाची जुनी हौस आहे. तिचा आरंभ सांगताना विल्यम गॉर्डन स्टेबल्स या आरमारातील माजी शल्यविशारदाचे नाव घेतात. त्याने १८८५ साली ब्रिस्टल येथे 'वाँडरर' नावाचे घोड्यांनी ओढावयाचे घर बांधवून घेतले होते. पण आम्हांला अधिक जवळचा वाटला तो एरिख बाखेम हा जर्मन अभियंता. दुसऱ्या महायुद्धात अग्निबाणावर उडणारे विमान आखणाऱ्या या गृहस्थाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस छोट्या मोटारींनी ओढाव्यात अशा हलक्या आणि अंगाने आटोपशीर गाड्या आखल्या. त्याच्या नावाची आद्याक्षरे जुळवून त्यांना 'एरिबा' हे नाव पडले. त्यांच्या काही नमुन्यांचे छप्पर मुक्कामावर वर उचलता येते. प्रवासात ठेंगणी, मुक्कामाला उंच. हा सर्व खटाटोप का, तर घरापाशी ठेवावयास जागा नसते म्हणून. इंग्लंडात सामान्य मोटारीमागे जोडलेल्या गाडीस कायद्याने २.५५ मीटरपर्यंत रुंदी चालते आणि नित्याच्या गाड्या सव्वादोन मीटरांच्या आसपास असतात. तेथेही अर्ध्या माणसांची विवंचना हीच की फाटकातून ती आत जाईल का, आणि भिंत व गाडी यांच्यामधून आपण बाहेर येऊ का.

आमच्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, आणि ते स्तुत्य आहे. परंतु पर्यटकाची गाडी भाड्याची असते, आणि रात्री ती मालकाच्या आवारात जाते. आमची गाडी आमच्याच दारात राहावयाची होती. आणि आमच्या दारात काय होते ते आता सांगितले पाहिजे.

दक्षिण दिल्लीतील आमची वसाहत बांधली गेली तेव्हा लिपिकाजवळ सायकल असे, आणि नकाशा काढणाऱ्याने तेवढीच कल्पना केलेली होती. पुढे स्कूटर आल्या, त्यांच्यासाठी पत्र्याची छपरे आली; मोटारी आल्या त्या मात्र जिथे जमेल तिथे घुसल्या. आमच्या वाट्याला तळमजला आहे. आमच्या खोलीच्या भिंतीला लागून एक पट्टी मोकळी आहे. तिच्या डाव्या अंगाला आमची भिंत, समोर पाण्याच्या टाकीचा ओटा, आणि उजव्या अंगाला, रस्त्यापासून एक मीटर आत, एक जुना कडुनिंब. भिंत आणि कडुनिंब यांच्यामध्ये १ मीटर ९२ सेंटिमीटर. रस्त्यापासून ओट्यापर्यंत ४ मीटर १० सेंटिमीटर. हे आम्ही पोलादी फितीने तीनदा मोजले. एकदा सकाळी, एकदा रात्री विजेरी घेऊन, आणि एकदा सौभाग्यवतींच्या समाधानासाठी.

कडुनिंब पाडावा असे आमच्या मनातही आले नाही, आणि आले असते तरी १९९४ चा दिल्ली वृक्षसंरक्षण कायदा त्याच्या पाठीशी उभा आहे. त्याची सावली उन्हाळ्यात आमच्या खिडकीवर पडते, आणि ती जर नसती तर जून महिन्यात अप्पांना त्या खोलीत ठेवणे कठीण होते. तेव्हा झाड आहे तेथेच राहील, भिंत सरकारची आहे, ओटा पाणीखात्याचा आहे. बदलता येण्याजोगी वस्तू एकच, ती म्हणजे अद्याप न घेतलेली गाडी.

मोटारींच्या माहितीपत्रकांत रुंदीचा जो आकडा छापतात तो वाचताना एक गोष्ट ध्यानात धरावी लागते. त्यात बाजूचे आरसे धरलेले नसतात. प्रत्येक आरसा वीतभर बाहेर येतो, आणि अरुंद वाटेतून जाताना प्रथम घासतो तो तोच. दुसरी गोष्ट दाराची. बिजागरीचे दार उघडून त्यातून अंग बाहेर काढावयास गाडीच्या रुंदीखेरीज अडीच-तीन वितींची मोकळी जागा लागते. ते रुंदी माहितीपत्रकात कोठेच नसते. आमच्या खालच्या चौकातील एक गृहस्थ गेली पाच वर्षे आपल्या गाडीतून डावीकडच्या दाराने बाहेर येतात. दोन बैठकांमधला दांडा ओलांडण्याची त्यांची लकब आता इतकी सराईत झाली आहे की पाहणाऱ्याला तो व्यायामाचा प्रकार वाटावा. अप्पांना तसे करता येणार नव्हते. त्यांची चाकांची खुर्ची ६५ सेंटिमीटर रुंद आहे, आणि ती दारापाशी आडवी लावल्यावाचून त्यांना आत घेता येत नाही.

म्हणून सरकत्या दाराची गाडी हवी हे लौकर ठरले. सरकते दार अंगाबाहेर येत नाही. गाडीच्या पाठीमागच्या अंगाला चिकटून मागे जाते. आपल्याकडे सामान्य माणसाला परवडेल अशी सरकत्या दारांची गाडी म्हटली की नाव येते ते ओम्नीचे. १९८४ साली आलेली ही मारुती व्हॅन, पुढे 'ओम्नी' नावाने ओळखली जाऊ लागली; २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तिची रुंदी अवघी १,४१० मिलिमीटर, लांबी ३,३७०. ही किरकोळ अंगकाठी तिला कोठून आली हे पाहू गेल्यास आपण जपानात पोहोचतो. तेथे कमी कराच्या छोट्या मोटारींचा एक वर्गच कायद्याने आखून दिलेला आहे, आणि ओम्नी जिच्यावरून घेतली ती सुझुकीची गाडी त्या वर्गातली होती. त्या काळी त्या वर्गाची रुंदीची मर्यादा १.४० मीटर होती. आज ती १.४८ मीटर आहे. जपानात १९६२ सालापासून आणखी एक कायदा आहे. गाडी घेणाऱ्याने ती ठेवावयाची जागा आपल्याजवळ आहे असे आधी दाखवावे लागते. पोलिसांकडून तसा दाखला मिळतो. आम्ही सरकारी कागदांत वाढलेली माणसे. आणखी एका दाखल्याची स्तुती आमच्या तोंडून सहसा निघावयाची नाही. पण हा दाखला आमच्या वसाहतीत असता तर निम्मी भांडणे झालीच नसती, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

ओम्नी आता जुनीच मिळते. जुनी म्हणून स्वस्त मिळते, आणि हा विचार आमच्या घरात लहान नव्हता. सरकारी नोकरास पूर्वी मोटारीसाठी अग्रिम मिळत असे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ साली, तो बंद झाला. स्वग्रामी जाण्याची जी प्रवास-सवलत आहे ती स्वतःच्या मोटारीने केलेल्या प्रवासास सहसा लागू होत नाही. म्हणजे गाडी आपल्या पैशाने घ्यावयाची, पेट्रोल आपल्या पैशाने भरावयाचे, आणि सरकारदरबारी हा प्रवास झालाच नाही असे समजावयाचे. शिवाय मुलगी यंदा दहावीला आहे. सौभाग्यवती हिशेबाची वही पुढे घेऊन बसल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"एका खेपेसाठी?"

आम्ही काही बोललो नाही. आतल्या खोलीतून अप्पांच्या खोकण्याचा आवाज आला. तो नेहमीचाच होता, पण आम्हां दोघांनाही वाटले की त्यांनी ऐकले. सौभाग्यवतींनी वही मिटली आणि म्हणाल्या, "जुनी पाहा. जुनी चांगली मिळाली तर बघू."

दिल्लीत जुन्या गाड्यांच्या वयाविषयी २०१५ पासून जे निर्बंध येत आणि बदलत गेले आहेत ते पाहता जुनी गाडी घेणाऱ्याने तिची जन्मतारीख आपल्या मुलाच्या जन्मतारखेपेक्षा अधिक काळजीने पाहावी लागते. तरी एक ओम्नी आम्हांला पसंत पडली. यंत्र ठीक होते, पत्रा गंजला नव्हता, आणि आमच्या जागेत तिला उभी केली असती तर दोन्ही अंगांना मिळून ५१ सेंटिमीटर शिल्लक राहणार होते. कागदावर सारे जमत होते. राहता राहिले होते ते एक माप, आणि ते गाडीचे नव्हते.

एका रविवारी आम्ही अप्पांना घेऊन त्या विक्रेत्याकडे गेलो. आम्ही आणि विक्रेत्याचा मुलगा, दोघांनी मिळून त्यांना मागच्या सपाट भागावर सतरंजी घालून निजविले. ओम्नी छोटी आहे, आणि अप्पा सहा फुटांना दोनच बोटे कमी. डोके चालकाच्या बैठकीला टेकले तरी टाच मागच्या दाराच्या आतच येईना. निरोगी माणूस गुडघे जवळ घेऊन निजला असता, आणि आमच्यासारखा तर घोरलाही असता. अप्पांनी डावा पाय जवळ घेतला. उजवा तसाच बाहेर राहिला, धोतराचे टोक वाऱ्यावर हालत होते. ते आढ्याकडे पाहत शांत निजून होते. मग हळूहळू, एकेक शब्द जुळवीत म्हणाले, "तिरका निजतो. जमेल." आम्ही त्यांना तिरके करून पाहिले. जमले नाही. जमते आहे असे ते म्हणत राहिले.

आम्ही विक्रेत्याचे आभार मानले आणि परत आलो. वाटेत रिक्षात कोणीच बोलले नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी स्वतः होऊन विचारले, "त्याच्याहून लांब कोणती?"

त्याच्याहून लांब आणि तरीही सरकत्या दारांची म्हणजे ईको. २०१० साली आलेली ही गाडी अद्याप नवी मिळते. लांबी ३,६७५ मिलिमीटर, रुंदी १,४७५. ओम्नीपेक्षा एक फूट लांब, आणि रुंदीत साडेसहा सेंटिमीटर अधिक. साडेसहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटे. पण कडुनिंबापाशी चार बोटांचेही मोल होते. १९२ मधून साडेएकशेसत्तेचाळीस वजा केले की साडेचव्वेचाळीस उरतात. भिंतीच्या बाजूला किमान १२ सोडावयाचे, म्हणजे झाडाच्या बाजूला ३२. ३२ सेंटिमीटरांत चाकांची खुर्ची लागत नाही. अप्पांना दर वेळी रस्त्यावर न्यावयाचे, तेथे गाडी काढावयाची, मागे वाहने खोळंबवून त्यांना आत घ्यावयाचे, असे करावे लागेल, असा आमचा हिशेब निघाला. हिशेब करताना सर्वांत लहान आकडा धरावा ही कचेरीची शिकवण. त्याप्रमाणे आम्ही सर्वांत अरुंद ठिकाणचे माप धरले होते.

तो कागद आम्ही अप्पांना दाखविला. कागद दाखविल्यावर पूर्वी त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येत असे तो दोन वर्षांत आम्ही पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा मागितला. कागद उलटसुलट केला, आणि म्हणाले, "टिपण कुठाय?" नुसते आकडे म्हणजे मोजणी नव्हे, जागेची आकृती हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची बाहेर घेतली. त्यांनी आमच्याकडून खडू, सुतळी आणि आठ विटा मागवून घेतल्या. तेहतीस फुटांची साखळी ओढीत ज्यांनी गुंठ्यागुंठ्यांनी तालुका मोजला त्यांच्यापुढे आमची पोलादी फीत अगदीच खेळणे होती. पण तीही त्यांनी डाव्या हाताने अशी धरली की वरच्या मजल्यावरचे गढवाली गृहस्थ कठड्याशी येऊन पाहत उभे राहिले. भिंतीपासून झाडापर्यंत एक माप झाले. मग ते म्हणाले, "पुढे चल." झाडाच्या पलीकडे, ओट्याच्या दिशेने, भिंतीपासून जिन्याच्या पायवाटेपर्यंत दुसरे माप घेतले. ते भरले २ मीटर ६०.

"झाड भिंत नव्हे," अप्पा म्हणाले. थोडे थांबले. "झाड हद्दीचा दगड. दगडापाशी माप एक. दगडापुढे दुसरे."

मग त्यांनी आमच्याकडून जमिनीवर खडूने गाडी काढून घेतली. नाक ओट्याकडे, शेपूट रस्त्याकडे. चालकाचे दार कोठे येईल तेथे एक वीट, सरकते दार उघडल्यावर त्याची मोकळी चौकट कोठे राहील तेथे दोन विटा, आणि सरकून मागे गेलेले दार कोठे थांबेल तेथे एक. कडुनिंबाचे खोड आले ते नेमके त्या मागे गेलेल्या दारासमोर. आणि मागे गेलेले दार अंगाबाहेर येते किती, तर चार-पाच बोटे. त्याला ३२ सेंटिमीटर पुष्कळ झाले. चालकाचे दार आणि सरकत्या दाराची चौकट दोन्ही आली रुंद भागात, जेथे एक मीटर जागा मोकळी राहत होती. खुर्ची ६५ सेंटिमीटरांची. अप्पांनी ती स्वतः, एका हाताने चाक फिरवीत, खडूच्या रेघेपाशी नेऊन उभी केली आणि आमच्याकडे पाहिले.

झाडाजवळून आत येताना उजवा आरसा मिटावा लागेल, आणि मागचे दार वर उघडते म्हणून त्याच्यासाठी शेपटापाशी जागा हवी, ती रस्त्याच्या कडेला मिळते, एवढ्या दोन सूचना त्यांनी आणखी केल्या. मग दमले. त्यांना आत नेऊन निजविले तेव्हा विटा तशाच राहू द्या असे ते म्हणाले. त्या चार दिवस तशाच होत्या. सौभाग्यवतींनी झाडताना त्यांच्या भोवतीने झाडले.

यानंतर राहिली ती कागदांची बाजू, आणि तीत आम्ही मुरलेले असल्याने ती थोडक्यात सांगतो. गाडीत मनास येईल तसा बदल करता येत नाही. मोटारवाहन कायद्याचे ५२ वे कलम तसे करू देत नाही. तथापि २०१९ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीच्या उपयोगासाठी बदललेल्या वाहनाची स्वतंत्र व्याख्या त्या कायद्यात घातली आहे, आणि अशा वाहनाचा उपयोग त्या व्यक्तीकडून वा तिच्यासाठीच व्हावा असे ती व्याख्या म्हणते. मधला बाक कायमचा काढून तेथे बिछाना बसवावयाचा तर हा मार्ग. सौभाग्यवतींनी ते कलम दोनदा वाचून घेतले. "म्हणजे गाडी अप्पांचीच," त्या म्हणाल्या. "बरे झाले. भाजी आणायला म्हणून कोणी मागणार नाही." दुसरे असे की दिल्लीत वायूवर चालणारी गाडी घेणे खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचे; पण ईकोत वायूची नळकांडी मागच्या भागात बसते, आणि मागचा भाग तर आम्हांला पायांसाठी हवा होता. म्हणून पेट्रोलचीच घेतली. आणि दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतल्याची वर्दी १९६४ च्या वर्तणूक नियमांतील १८ व्या नियमान्वये महिन्याच्या आत द्यावी लागते, ती आम्ही गाडी आली त्याच आठवड्यात दिली. पैसा कोठून आणला या रकान्यात बँकेचे कर्ज आणि सौभाग्यवतींच्या पाटल्या असे लिहिणे भाग पडले. पाटल्यांचा उल्लेख कार्यालयीन भाषेत कसा करावा यावर आम्ही बराच वेळ घालविला.

एक अडचण मात्र अप्पांच्या टिपणातही नव्हती, कारण ती जमिनीवर नव्हती. वरच्या गढवाली गृहस्थांच्या घरातील वहिनींची कपडे वाळत घालण्याची दोरी कडुनिंबापासून आमच्या भिंतीतल्या खुंटीपर्यंत गेली तीस वर्षे बांधलेली आहे. म्हणजे त्यांच्या आधीच्या आणि त्याही आधीच्या भाडेकरूंची. थंडीत तिच्यावर रजया पडतात आणि ओल्या रजईच्या भाराने दोरी चांगली पुरुषभर खाली येते. ईकोची उंची सव्वाअठरा विती असती तर तिनेच प्रश्न सोडविला असता, पण ती १.८२५ मीटर आहे. हे आम्ही कसे सांगावे या विचारात असतानाच एका सकाळी पाहतो तो वहिनी स्टुलावर उभ्या राहून दोरी दोन हात वर बांधीत आहेत.

"भाभीजी, हे आपण कशाला..."

"बाबूजींनी खडूने गाडी काढली तेव्हाच मी पाहिले होते, भाईसाहब," त्या म्हणाल्या. "आमचे सासरेही गावी जायचे म्हणत होते. पौडीला. आम्ही उन्हाळ्यात नेऊ म्हणालो."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. स्टूल आम्ही धरून ठेवले.

गाडी आली त्या दिवशी ती प्रथमच त्या पट्टीत लावताना आमचे हात थरथरत होते हे लिहावयास हरकत नाही. डावीकडे भिंतीचा गिलावा, उजवीकडे खोडाची साल, आणि मध्ये पाटल्यांची किंमत. अप्पा खिडकीशी बसून "अजून... अजून..." म्हणत होते. ओट्यापासून ४० सेंटिमीटरांवर त्यांनी हात वर केला. खडूच्या रेघा एव्हाना पुसट झाल्या होत्या, तरी चाके त्यांच्या आतच आली. बिछाना बसविण्यास परवानगी मिळून तो लागावयास पुढे सहा आठवडे गेले. तो लागल्यावर पहिल्याच दुपारी अप्पांनी आत निजण्याचा हट्ट धरला. दोन्ही पाय सरळ राहिले. टाच आणि दार यांच्यामध्ये दोन बोटे जागा होती. ती त्यांनी आम्हांला बोटे घालून मोजावयास लावली. मग म्हणाले, दार ओढून घ्या, उजेड येतो. तासभर ते तेथेच झोपले. कडुनिंबाची सावली पत्र्यावर होती.

दुसऱ्या टोकाचे मापही आले आहे. गावी आमच्या घराकडे जाणारा बोळ बैलगाडीच्या मापाने राहिलेला आहे. तो मोजून कळवावा असे आम्ही चुलत पुतण्याला लिहिले होते. त्याने कळविले की बोळ सहा फूट एक वीत आहे, पण मारुतीच्या देवळाच्या पायरीपाशी तो पाच फूट चार इंचच भरतो. आम्ही ते सेंटिमीटरांत करीत होतो तोवर अप्पांनी तोंडी हिशेब करून सांगितले, आरसे दोन्ही मिटून जाईल, हाताला जेमतेम सहा इंच उरतील, आणि तेथे कोणी दार उघडू नये. त्या पायरीचा दगड आपल्या आजोबांनी बसविला होता, तो काढा म्हणून कोणी सुचवू नये, असेही त्यांनी बजावले. वायव्येकडच्या दगडाविषयी पुतण्याने काहीच लिहिले नव्हते. ते आपण गेल्यावर पाहू, असे अप्पा म्हणाले.

निघावयाचे ते दिवाळीनंतर ठरले आहे. पंधरा दिवसांची अर्जित रजा मंजूर झाली आहे. पहिला मुक्काम जयपूरच्या अलीकडे करावा की पलीकडे, याविषयी अप्पांचे आणि सौभाग्यवतींचे अद्याप एकमत झालेले नाही.